सासर की साखर? कान झाकणारा हेडफोन निवडताना

बायांनो, दुपारची वेळ आहे. कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हात चालू द्या, कान तेवढे आमच्याकडे द्या. आजचं बोलणं कानाबद्दलच आहे.

आम्ही एका बचत गटातल्या अकरा जणी. एरवी या कार्यक्रमात आपण कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, पापडांचं पॅकिंग असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषय आहे गाणी ऐकायचा हेडफोन. हसू नका. आम्हीसुद्धा आधी हसलोच होतो. हेडफोन म्हणजे कॉलेजातल्या पोरांची वस्तू, असं आम्हालाही वाटायचं. पण आमच्यावर असा प्रसंग आला, की गटाचे पैसे घालून तो घ्यावा लागला. पहिल्यांदा चुकीचा घेतला, मग नीट बघून घेतला. ती सगळी हकिगत सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एका आजींनी जात्यावर बसून ओव्या म्हटल्या आणि आम्ही त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. तीन दुपारी बसलो. साडेचार तासांचं रेकॉर्डिंग झालं. आता आजींना जातं ओढवत नाही, दम लागतो. आणि हातात खुंटा नसला की तोंडात ओवी येत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. म्हणजे जे काही आहे ते त्या साडेचार तासांत आहे. म्हणून आम्ही ठरवलं, एकेक ओवी ऐकून वहीत उतरवायची.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायला बसलो तर शब्द कळेनात. एकीकडे जात्याची घरघर, दुसरीकडे घरातला टीव्ही, बाहेर गिरणी. रात्री बसावं तर पोरं झोपलेली. मग गटातल्या एकीच्या भाच्यानं मोबाइलवरून एक हेडफोन मागवून दिला. नऊशे रुपये. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'एक्स्ट्रा बास'. कानाला लावला आणि खूश झालो. ढोल वाजला की छातीत धडधडायचं! त्यावर आम्ही चाळीस ओव्या उतरवल्या.

त्यातली एक ओवी लेकीला उद्देशून होती. आम्ही तिच्यात शब्द लिहिला, 'साखर'. ऐकायला गोड, पण पुढची ओळ काही जुळेना. शेवटी वही घेऊन आजींकडे गेलो आणि वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "साखर न्हाय गं बायांनो. सासर म्हनलंय म्या."

एका अक्षराचा फरक. पण अख्खी ओवी उलटी झाली होती. लेकीचं दुःख आम्ही साखर करून टाकलं होतं. त्या दिवशी आमच्या पोटात गोळा आला. चाळीस ओव्यांत अशा किती साखरा असतील? आज आजी आहेत म्हणून कळलं. उद्या कुणाला विचारणार?

असं का झालं, ते आम्ही समजून घेतलं. तेच सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे.

आपण बोलतो तेव्हा आ, ओ, ऊ हे स्वर जोरात उमटतात. स, श, त, ख ही अक्षरं मात्र नाजूक असतात. त्यांचा आवाज वरच्या पट्टीतला आणि बारीक असतो. शब्द कुठला ते कळतं ते बहुतेक याच बारीक आवाजावरून. 'सासर' आणि 'साखर' यांत स्वर तेच आहेत, फरक एकाच व्यंजनाचा आहे. आता जात्याची घरघर म्हणजे खर्जातला आवाज. बास म्हणजेही खर्ज. आमच्या नऊशे रुपयांच्या हेडफोननं खर्ज फुगवला होता. त्यामुळं जात्याची घरघर आणखी मोठी झाली आणि तिच्याखाली तो बारीक 'स' गाडला गेला. आमटीत तिखट जास्त झालं की मीठ आहे का नाही तेच कळत नाही, तसं.

म्हणजे हेडफोन वाईटच होता असं नाही. नाचाची गाणी त्यावर जोरदार वाजायची. पण आमच्या कामाचा नव्हता. चार महिन्यांत त्याचा सांधाही तुटला आणि पक्कं बिल नसल्यामुळं कुणी दाद दिली नाही.

मग चांगला घ्यायचा विषय बैठकीत निघाला आणि वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "गाणी ऐकायला पाच-सहा हजार? तेवढ्यात शेळीचं करडू येतं." त्यांचं चुकीचं नव्हतं. गटाचा पैसा घाम गाळून साठलेला असतो. दुसरी म्हणाली, "करडू परत घेता येईल काकू. आजींचा आवाज कुठून आणायचा?" शेवटी ठरलं ते असं. बचतीला हात लावायचा नाही. संक्रांतीला तिळाच्या वड्या विकून जे बारा हजार सुटले होते, त्यातूनच घ्यायचा. एक रुपया वर नाही.

आणि ही चैनीची वस्तू आहे असं कुणी म्हणालं, तर एक गोष्ट सांगा. अमेरिकेत यूटा नावाच्या राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसानं आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि १९१० साली ते तिथल्या नौदलाला दिले. बिनतारी संदेशातला बारीक आवाज नीट ऐकू यावा म्हणून. म्हणजे मुळात ही कामाची वस्तू आहे, आणि ती तयार झाली स्वयंपाकघरात. गाणी ऐकण्यासाठी डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज देणारे हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ साली आणले.

आता निवड कशी करायची ते बघू.

कानाला लावायच्या वस्तू तीन तऱ्हेच्या असतात. कानात घालायची बोंडं, कानावर टेकणारा हेडफोन आणि अख्खा कान आत घेणारा हेडफोन. हा तिसरा आम्ही निवडला, कारण तासभर बसायचं तर कान दुखून चालत नाही. दुकानात पाहताना गादी कानाच्या भोवती बसते की कानावर, हे बघा. कानावर टेकत असेल तर तो आपल्याला हवा तो प्रकार नव्हे.

यातही बंद पाठीचा आणि उघड्या पाठीचा असे दोन प्रकार असतात. उघड्या पाठीच्या हेडफोनला बाहेरून जाळी असते. गाणं मोकळं, ऐसपैस वाटतं. पण आतला आवाज बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. शेजारी लेकरू झोपलंय, पलीकडं टीव्ही चाललाय, अशा आपल्या घरात बंद पाठीचाच बरा.

पुढचा प्रश्न वायरचा की बिनवायरचा, म्हणजे ब्लूटूथचा. ब्लूटूथचा हिंडता-फिरता लावता येतो, पायात वायर येत नाही. पण तो चार्ज करावा लागतो आणि त्यातली बॅटरी काही वर्षांनी थकते. ती बदलणं सोपं नसतं. वायरच्या हेडफोनला बॅटरीच नाही. वायर जपली तर तो पुष्कळ वर्षं चालतो. शिवाय आपल्या कामाची एक गोष्ट. मोबाइलवर एफएम रेडिओ ऐकताना वायरच अँटेनाचं काम करते. म्हणूनच वायर लावल्याशिवाय मोबाइलवरचा रेडिओ बहुतेक वेळा लागत नाही. आमचा हा कार्यक्रम मोबाइलवर ऐकणाऱ्या बायांना हे आधीपासूनच ठाऊक असेल!

पण वायरचा घेण्याआधी आपल्या मोबाइलला गोल भोक आहे का ते बघा. नव्या पुष्कळ मोबाइलना ते नसतं. मग चार्जिंगच्या भोकात बसणारी छोटी जोडणी लागते. सगळ्या जोडण्या सगळ्या मोबाइलवर चालत नाहीत. म्हणून स्वतःचा मोबाइल घेऊनच दुकानात जा आणि तिथंच लावून बघा.

डब्यावर एक आकडा असतो, ओहमचा. हा मात्र वाचायचाच. मोटरपंपाचं जसं असतं, लाइन जेवढी ताकदवान तेवढाच पंप ओढतो, तसं समजा. ओहम फार जास्त असले तर मोबाइलची ताकद कमी पडते आणि आवाज बारीक येतो. मग वेगळं यंत्र घ्यावं लागतं. बायरडायनामिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो हा एकाच नावाचा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन तऱ्हांत निघालेला आहे. दिसायला सारखेच, पण मोबाइलवर २५० वाला घेतला तर पैसे घालून हळू आवाज विकत घेतल्यासारखं होईल. मोबाइलसाठी साधारण ५० ओहमपर्यंतचा घ्या.

दुसरा आकडा असतो हर्ट्झचा, २० ते २०,०००. हा जवळपास प्रत्येक डब्यावर असतो. माणसाचा कान साधारण तेवढंच ऐकतो आणि वय वाढलं की वरचं टोक कमी होत जातं. त्यामुळं डब्यावर त्याहून मोठा आकडा दिसला तरी भुलू नका. आवाज कसा आहे ते त्यावरून कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लावून बघणं. आमच्यापैकी चौघी एसटीनं पुण्याला गेलो. वाद्यांच्या एका दुकानात रेकॉर्डिंगचं सामान मिळतं, तिथं लावून बघू देतात असं कळलं होतं. जाताना तीन गोष्टी नेल्या. आपला मोबाइल, त्यात ओळखीची तीन गाणी आणि एकीचा चष्मा.

चष्मा कशाला? कारण चष्म्याची काडी गादीखाली आली की फट पडते, आणि त्या फटीतून खर्ज निसटतो. तेच गाणं पोकळ वाटायला लागतं. चष्मा लावणारीनं चष्मा लावूनच बघावं. कानात कुड्या, झुबे असतील तर ते घालूनच बघावं. अंबाडा असेल तर वरची पट्टी त्यावर अडते का बघावं. आणि दोन मिनिटं लावून 'छान आहे' म्हणू नये. वीस मिनिटं लावून बसावं. कानशिलं दाबली जात असतील तर ते वीस मिनिटांनी कळतं. रेग्झिनच्या गादीला उन्हाळ्यात घाम सुटतो, तेही ध्यानात ठेवा.

गाणी कुठली न्यायची? दुकानदार लावतो ती नकोत. त्यावर सगळंच भारी वाजतं. आपण शंभरदा ऐकलेलं गाणं न्यायचं. आम्ही नेलं ते सांगतो.

पहिलं, तंबोऱ्यावर एकट्या बाईनं गायलेलं भजन. त्यात गाणारीचा श्वास ऐकू येतो का, शब्दाचं शेवटचं अक्षर ऐकू येतं का, ते बघायचं.

दुसरं, टाळ-पखवाजाचं भजन. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्या कणकेमुळं जो भरीव घुमार येतो, तो गोल यायला हवा, नुसता धपधप नको. आणि टाळ खणखणीत हवेत, पण कानात टोचता कामा नयेत. टाळ टोचले तर समजा वरची पट्टी फुगवलेली आहे. अर्ध्या तासात डोकं उठेल.

तिसरी, आमच्या आजींची ती ओवी. 'सासर' ऐकू येतं की 'साखर'?

आणखी एक युक्ती. एका हेडफोनवर आवाज मोठा आणि दुसऱ्यावर लहान असला तर मोठा वाजणाराच चांगला वाटतो. आपल्या कानाचा तो स्वभाव आहे. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून मग तुलना करायची. आणि ऐकणारीनं डोळे मिटायचे. दुसरीनं हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवायचा. कुठला महाग, कुठला स्वस्त हे तिला सांगायचं नाही. ऐकून झालं की चिठ्ठीवर लिहायचं.

आमच्यापुढं तीन हेडफोन होते. दोन ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे, एटीएच-एम२०एक्स आणि एटीएच-एम४०एक्स. दोन्ही वायरचे, बंद पाठीचे. पहिला ४७ ओहमचा, दुसरा ३५ ओहमचा, म्हणजे मोबाइलवर चालणारे. दोन्हींत मुख्य फरक असा, की एम२०एक्सची वायर कायमची जोडलेली आहे, तीन मीटर लांब. एम४०एक्सची वायर काढता-घालता येते, म्हणजे तुटली तर नुसती वायर बदलायची. तिसरा होता सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन, ब्लूटूथचा. तो आम्ही एकीच्या पुतणीकडून मागून आणला होता. ती पुण्यात नोकरीला आहे, रोज बसनं जाते. हा वजनाला १९२ ग्रॅम, फार हलका. आणि त्यात बाहेरचा गोंगाट मारायची सोय आहे.

या सोयीबद्दल थांबून सांगतो, कारण आमचाही इथं घोटाळा झाला होता. १९७८ साली विमानात बसलेल्या अमर बोस यांना इंजिनाच्या घरघरीमुळं हेडफोनवर गाणं नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांना गोंगाट मारणाऱ्या हेडफोनची कल्पना सुचली. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले. अशा हेडफोनमध्ये बारीक माइक असतात. ते बाहेरची घरघर ऐकतात आणि तिच्या बरोबर उलटी लाट तयार करतात. दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. एसटीची, पंख्याची, गिरणीची एकसुरी घरघर यात चांगली दबते. आम्हाला वाटलं, मग जात्याची घरघरही जाईल! पण तसं नाही बायांनो. हे यंत्र आपल्या अवतीभोवतीचा गोंगाट मारतं. रेकॉर्डिंगमध्ये जो आवाज आधीच भरलेला आहे, तो तसाच राहतो. आजींचं जातं रेकॉर्डिंगमध्ये होतं. ते काही जाणार नव्हतं, आणि जायलाही नको होतं.

चिठ्ठ्या उघडल्या. 'सासर' हा शब्द चौघींनाही तिन्ही हेडफोनवर ऐकू आला होता. पखवाजाला तिघींनी एम४०एक्स वरचढ ठरवला. आजींच्या आवाजात मात्र त्याच्यात आणि एम२०एक्समध्ये निवड करणं आमच्या कानांना जमलं नाही. सोनीचा घालायला सगळ्यात सुखाचा वाटला.

मग हिशेब मांडला. आम्ही रात्री घरात, एका जागी बसून ऐकणार. गोंगाट मारायची सोय आम्हाला फारशी लागणार नव्हती. रोज एसटीनं जाणारीला मात्र तीच लागते, म्हणून पुतणीनं घेतला तो तिच्यासाठी बरोबरच होता. राहिले दोन. त्या दिवशी आम्हाला सांगितलेल्या भावात एका एम४०एक्सच्या पैशात एम२०एक्स जवळजवळ दोन येत होते. ओवी उतरवायला दोघी लागतात. एकीला काय ऐकू आलं आणि दुसरीला काय, हे ताडून बघावं लागतं. म्हणून आम्ही दोन एम२०एक्स घेतले आणि एका भोकाची दोन करणारी जोडणी घेतली. बारा हजारांत बसलं, वर एसटीचं भाडंही निघालं.

यात आमचं काही गेलं नाही का? गेलं. पखवाजाचा तो घुमार थोडा कमी मिळतो. वायर बदलता येत नाही. तीन मीटरची वायर घरात पायात येते, म्हणून आम्ही ती गुंडाळून जुन्या साडीच्या किनारीनं बांधून ठेवतो. पण ज्या कामासाठी घेतला ते काम होतंय. तुमचं काम वेगळं असेल तर तुमची निवडही वेगळी होईल. कुणी पखवाज शिकत असेल तर तिनं खर्जाकडं जास्त बघावं. शेजारणीनं अमुक घेतला म्हणून आपणही घेऊ नये, आणि आम्ही घेतला म्हणून तर मुळीच घेऊ नये.

आता कानांच्या काळजीचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की आवाज ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं. पण तो ९० डेसिबलवर गेला तर आठवड्याला फक्त ४ तास. दहाच डेसिबल वाढले आणि वेळ दहा पटींनी कमी झाला! डेसिबल आपण कुठून मोजणार? म्हणून सोपा नियम, मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही आणि तासाभरानं कानांना विसावा द्यायचा. ऐकून झाल्यावर कानात 'कुंई' असा आवाज येत राहिला, तर समजा जास्त झालं. एकदा आतल्या नसा खराब झाल्या की त्या परत येत नाहीत.

रस्त्यानं चालताना, गाडीवर, विहिरीजवळ, चालू मोटरीजवळ हेडफोन लावू नका. रांगतं लेकरू घरात असेल आणि दुसरं कुणी बघायला नसेल तर तेव्हाही नको. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये हाक ऐकू येत नाही.

गटात एकच हेडफोन फिरणार असेल तर प्रत्येकीनं वापर झाला की गादी कोरड्या मऊ फडक्यानं पुसावी. डोक्याचं तेल लागून रेग्झिन लवकर सुटतं. कुणाचा कान वाहत असेल तर तिनं आधी डॉक्टरला दाखवावं, तोवर हेडफोन वाटून वापरू नये. आम्ही वही केली आहे. कोणी नेला, कधी आणला, सगळं लिहिलं जातं.

आणि घेताना पक्कं बिल घ्याच. नावाजलेल्या हेडफोनच्या नकलाही बाजारात असतात. भाव फारच कमी सांगितला तर संशय घ्या. वॉरंटी किती, परत करायची मुदत किती, हे पैसे देण्याआधी विचारा. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, लिहून ठेवा. आमच्याकडं पहिल्या खेपेला बिल नव्हतं, त्यामुळं बोलायला तोंडच नव्हतं.

आता पुढं काय झालं ते सांगतो. आम्ही त्या चाळीस ओव्या पहिल्यापासून पुन्हा ऐकल्या. नऊ ठिकाणी शब्द बदलले. तीन ठिकाणी नव्या हेडफोनवरही काही कळेना, तिथं जागा कोरी सोडली. हेडफोन चांगला असला तरी जे रेकॉर्डच झालं नाही ते तो कुठून ऐकवणार? त्या तीन जागा घेऊन आजींकडे गेलो.

आजींना म्हटलं, तुम्हीच ऐका. त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि आम्ही अगदी हळू आवाजात हेडफोन लावला. आपलाच आवाज त्या पहिल्यांदा असा ऐकत होत्या. डोळे मिटले. थोड्या वेळानं बघतो तर त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा. तीनपैकी दोन जागा त्यांनी भरून दिल्या. आणि मग रेकॉर्डिंग संपल्यावरही त्या थांबल्या नाहीत. आम्ही कधीच ऐकली नव्हती अशी एक ओवी त्यांनी म्हटली. आमच्यातल्या एकीनं घाईनं मोबाइल चालू केला म्हणून ती राहिली.

करडाचा हिशेब सांगणाऱ्या काकू तिथंच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या मंगळवारी वहीत सगळ्यात आधी त्यांचं नाव होतं. आता त्या रात्री भांडी आवरली की अर्धा तास भजन ऐकतात. म्हणतात, "लग्नाला तीस वर्षं झाली. मला आवडलेलं गाणं कुणी मधे हाक न मारता पुरं ऐकलं, ते आत्ताच."

बायांनो, तुमच्याही वाडीत अशी आजी असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या पुष्कळ 'परी' या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्या जरूर ऐका. आणि आपल्या आजीच्या ओव्या आपल्या मोबाइलवर घेऊन ठेवा. हेडफोन नंतर घेता येईल, साधा असला तरी चालेल, मागून आणला तरी चालेल. रेकॉर्डिंग मात्र आज करा.

आणि घ्यायची वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा. गाणं आपल्या ओळखीचं न्यायचं, वीस मिनिटं डोक्यावर ठेवायचा, डोळे मिटून ऐकायचं आणि पक्कं बिल घ्यायचं. डब्यावर काय लिहिलंय ते सगळ्यात शेवटी वाचायचं.

आमच्या वहीत अजून एक जागा कोरी आहे. तो शब्द आजींनाही आठवला नाही. आम्ही ती कोरीच ठेवली आहे, अंदाजानं काही भरलेलं नाही. तुमच्याकडच्या कुणा आजीला तो ठाऊक असेल, म्हणून पुढच्या वेळी ती ओवी इथंच तुम्हाला ऐकवू. तोवर नमस्कार.